वॉटर स्कीइंगसाठी जुनी इनबोर्ड बोट घ्यायची आहे? खान्देशातल्या माणसानं काय-काय बघून घ्यावं

आपल्याकडे बोट म्हटलं की मच्छीमाराची होडी नाहीतर धरणावरची पॅडलवाली, त्यामुळे कोणी म्हटलं की मला स्कीइंगची इनबोर्ड, म्हणजे इंजिन आतच बसवलेली बोट, घ्यायचीय तर पहिलं उत्तर येतं "काय भो, पैसा जास्त झाला का?" पण हौसेला मोल नाही. नवी बोट बाहेरून मागवायची तर बंगल्याचे पैसे लागतात, म्हणून बघायची ती जुनीच, आणि जुनी मिळते ती मुंबई, गोवा, कोची या बाजूला. इथंच घोडं पेंड खातं. या बोटी मुळात तळ्यांसाठी बनतात, गोड्या पाण्यासाठी, आणि आपल्या वाट्याला येते ती बऱ्याचदा खाऱ्या पाण्यात फिरलेली. म्हणून इंजिनाचा आवाज ऐकून भुलायचं नाही, मीठ कुठवर गेलंय आणि तळातलं लाकूड जिवंत आहे का, या दोन गोष्टींवर सौदा करायचा.

आधी पाणी ठरवा, मग बोट

लोक उलटं करतात. इनबोर्डचा पंखा, त्याला फिरवणारा दांडा म्हणजे शाफ्ट, आणि रडर म्हणजे सुकाणू, हे बोटीच्या पोटाखाली कायमचे लटकलेले असतात, मागे बाहेर टांगलेल्या आउटबोर्डसारखं मशीन वर उचलता येत नाही, त्यामुळे उभ्या बोटीलाच दोनेक फूट पाणी लागतं आणि स्कीइंग करायचं तर सगळीकडे किमान दोन मीटर खोल पाहिजे. हतनूरचा फुगवटा दिसायला समुद्रासारखा, पण तापी-पूर्णेनं आणलेला गाळ इतका की कुठं खोल आणि कुठं चिखल ते वरून कळत नाही. हतनूर असो, गिरणा असो, अनेर असो की नवापूरकडचं उकाईचं बॅकवॉटर, बुडीत जमिनीत जुनी खोडं, विहिरींचे कठडे, भिंती असतात, त्या दिवाळीत पाण्याखाली आणि मे महिन्यात बाहेर. म्हणून उन्हाळ्यात एकदा जाऊन कोरडा तळ बघून या, मोबाईलवर फोटो काढून ठेवा, आणि तिथल्या मच्छीमार सोसायटीच्या माणसांशी बोला, जाळी कुठं लावतात ते त्यांच्याइतकं कोणालाच माहीत नसतं.

सरळ लांबीही मोजा. स्लॅलमचा, म्हणजे पाण्यातल्या बोयांना वळसे घालत जायचा, कोर्स २५९ मीटरचा, पण दोन्ही बाजूंना वेग घ्यायला आणि वळायला जागा धरली तर साडेसहाशे मीटर तरी सरळ पाणी हवं. मेहरूण तलावावर हा खेळ डोक्यातून काढून टाका. आणि धरण जलसंपदा विभागाचं असतं, तुमचं-आमचं नाही, वाघूरसारख्या पिण्याच्या पाण्याच्या धरणात पेट्रोलची बोट टाकायची म्हणजे आधी लेखी परवानगी. ती मिळणार नसेल तर बोट घेऊन अंगणात उभी करायची का?

कोणत्या प्रकारची

डायरेक्ट ड्राइव्हमध्ये इंजिन बरोबर मध्यात असतं, बसायची जागा खातं, पण मागे उठणारी लाट चपटी राहते. वी-ड्राइव्हमध्ये इंजिन शेपटाकडे, जागा ऐसपैस, लाट मोठी, ती वेकबोर्डवाल्यांची, म्हणजे एकाच रुंद फळीवर उभं राहून लाटेवर उड्या मारणाऱ्यांची. स्की करायची असेल तर डायरेक्ट ड्राइव्हच घ्या, उगाच घरच्यांना फिरवायला जागा पाहिजे म्हणून वी-ड्राइव्ह घेऊ नका. दोर बांधायचा खांबही या बोटीत मध्याजवळ असतो, मागच्या टोकाला नाही, त्यामुळे स्की करणारा बाजूला कितीही ओढला गेला तरी बोटीचं तोंड फिरत नाही. आणि पंखा पोटाखाली असल्यामुळे पाण्यात पडलेल्या माणसाच्या दृष्टीनं आउटबोर्डपेक्षा बरी, पण माणूस जवळ असताना इंजिन बंद हे इथंही आलंच.

मास्टरक्राफ्ट, मालिबू आणि करेक्ट क्राफ्टची स्की नॉटिक ही नावं जास्त ऐकू येतात. तिन्ही अमेरिकेतल्या, तिन्ही चांगल्या. नावापेक्षा वय आणि हाल बघा.

तळातलं लाकूड

या पायरीला सगळ्यात जास्त वेळ द्या. बोटीच्या तळात लांबीनं बीम गेलेले असतात, त्यांना स्ट्रिंगर म्हणतात, इंजिन त्यांच्यावरच बसलेलं असतं. जुन्या बोटींत ते लाकडाचे आणि वरून फायबर चढवलेलं. करेक्ट क्राफ्टनं १९९३ पासून लाकूड सोडलं, त्याआधीची त्यांची बोट असेल तर लाकूड असणारच असं धरून चला. एखाद्या स्क्रूच्या भोकातून पाणी आत शिरतं, वर्षानुवर्षं मुरतं, आणि बाहेरून बोट आरशासारखी चमकत असते. वरून कीर्तन आतून तमाशा.

तपासायचं असं. अनवाणी पायानं सगळ्या फरशीवर चाला, कुठं मऊ लागतं, दबतं ते टाचेला लगेच कळतं. मग इंजिनाचं झाकण उघडून टॉर्च मारा आणि स्क्रूड्रायव्हरच्या मुठीनं स्ट्रिंगरवर पुढून मागे ठोकत जा. चांगलं लाकूड टणटण बोलतं, कुजलेलं भद्द. शेवटी इंजिन ज्या बोल्टांनी स्ट्रिंगरवर धरलेलं असतं त्यांना पाना लावा आणि आवळायच्या दिशेनं हलका जोर द्या. बोल्ट घट्ट बसला तर ठीक, आणि नुसताच फिरत राहिला तर आत धरायला लाकूडच उरलेलं नाही. मग मालक कितीही सांगो की "साहेब एवढं चालतं", तिथून निघा, कारण स्ट्रिंगर बदलायचे म्हणजे इंजिन बाहेर, फरशी कापायची, सगळं पुन्हा बांधायचं, चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला.

इंजिन

बहुतेक बोटींत पेट्रोलवरचं व्ही-एट असतं, ५.७ लिटरचं जीएमच्या ब्लॉकचं किंवा ५.८ लिटरचं फोर्डचं. जळगाव-धुळ्याच्या चांगल्या मोटार मेकॅनिकला ते समजतं, त्याला दोन दिवसांची मजुरी देऊन सोबत न्या, पैसे वसूल होतात.

इंजिन थंड असतानाच पोचा. मालकानं आधीच गरम करून ठेवलेलं असेल तर समजून जा की सकाळी स्टार्ट व्हायला नखरे करतं. आणि पाण्याची सोय नसताना "एकदा चालू करून दाखवतो" म्हणाला तर थांबवा, समुद्राचं किंवा तळ्याचं पाणी ओढणाऱ्या पंपात रबरी इम्पेलर असतो, तो कोरडा काही सेकंदांतच जळतो.

डिपस्टिक काढा. ऑइल चहाच्या दुधाळ रंगाचं दिसलं तर आत पाणी गेलंय. गिअरबॉक्सचं ऑइल गुलाबी-लालसर असावं, काळं आणि जळका वास असलेलं नको. कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, आठही सिलिंडरचं घ्यायला लावा, साधारण १२० ते १६० पीएसआयच्या आसपास आकडे येतात, पण आकड्यापेक्षा त्यांच्यातला फरक बघायचा, १०-१५ टक्क्यांपेक्षा जास्त असेल तर शंका, आणि शेजारशेजारचे दोन कमी असतील तर हेड गॅस्केट गेलेलं असू शकतं.

आता मीठ. कूलिंग दोन तऱ्हेचं असतं, एकात बाहेरचं पाणी थेट ब्लॉकमधून फिरतं, दुसऱ्यात आत कूलंट असतं आणि बाहेरचं पाणी फक्त त्याला थंड करतं. पहिल्या तऱ्हेची बोट समुद्रात चाललेली असेल तर एक्झॉस्ट मॅनिफोल्ड, म्हणजे इंजिनाचा धूर बाहेर नेणारे नळ, बहुधा आतून खाल्लेले असतात, जोडांवर गंजाचे ओघळ आणि पांढरे खार दिसतात. ते बदलायचा खर्च किमतीतून सरळ वजा करा. बोट अमेरिकेतून आलेली असेल तर ब्लॉकच्या बाजूला वेल्डिंग किंवा एम-सीलसारखं काही भरलंय का तेही बघा, तिकडे थंडीत आत राहिलेलं पाणी गोठून ब्लॉक तडकतो.

स्टार्टर, अल्टरनेटर, कार्बुरेटर मरीनचेच आहेत ना? कोणीतरी स्वस्तात गाडीचा स्टार्टर बसवलेला असतो. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, ती तळात साचते आणि गाडीच्या पार्टची ठिणगी तिला पुरते. मरीन पार्ट ठिणगी किंवा पेट्रोल बाहेर पडू देत नाहीत, म्हणूनच महाग. याच कारणासाठी तळातली वाफ बाहेर फेकणारा ब्लोअर चालू स्थितीत पाहिजे, स्टार्ट करण्याआधी चार मिनिटं तो फिरवायचाच.

पेट्रोलच्या नळ्यांना हात लावून बघा. आपल्या पंपावर आता २० टक्के इथेनॉलवालं पेट्रोल मिळतं आणि पंचवीस-तीस वर्षांपूर्वीचं रबर त्याच्यासाठी बनलेलंच नाही, फुगतं, चिरतं. बोट घेतली की नळ्या पहिल्याच आठवड्यात बदलून टाका, भाव-बिव बघत बसू नका.

पोटाखाली

बोट ट्रेलरवर असताना खाली झोपून बघा, कपडे खराब होतील होऊ द्या. पंख्याची पाती वाकलेली, टवके उडालेले? शाफ्ट हातानं वर-खाली हलवा, जास्त खेळ असेल तर बेअरिंग गेलं, ते मोठं काम नाही, पण शाफ्ट फिरवताना टोक गरागरा गोल मारत असेल तर शाफ्टच वाकडा, म्हणजे बोट कुठंतरी दगडावर चढलेली आहे, मग आसपासचं फायबरही नीट तपासा.

पाण्यात चालवल्याशिवाय पैसे देऊ नका

किमान अर्धा तास फिरवा. टेम्परेचर ६० ते ८० सेल्सियसच्या आत टिकावं, फुल थ्रॉटलला बहुतेक इंजिनं ४,४०० ते ४,८०० आरपीएमला जायला हवीत. मग स्कीच्या वेगाला धरून ठेवा, नवशिक्याला ताशी तीसेक किलोमीटर, पुरुषांच्या स्लॅलम स्पर्धेत ५८, आणि सीटखाली थरथर येते का ते बघा. रिव्हर्समध्ये बोट एका बाजूला सरकते, घाबरू नका, इनबोर्डचा तो स्वभावच आहे. चालू असताना शाफ्ट तळातून बाहेर पडतो तिथल्या पॅकिंगमधून थेंब-थेंब पाणी येणंही चालतं, धार नको.

कागद

बोटीच्या मागच्या फळीवर उजव्या बाजूला बारा अक्षर-आकड्यांचा हल नंबर, म्हणजे बोटीच्या सांगाड्याचा नंबर, कोरलेला असतो, १९८४ नंतरच्या अमेरिकन बोटींत शेवटचे दोन आकडे मॉडेलचं वर्ष सांगतात. तो कागदांवरच्या नंबराशी अक्षर-अक्षर जुळवा. इम्पोर्ट झालेली असेल तर कस्टमची बिल ऑफ एन्ट्री मागा, नसेल तर ती बोट तुमची नाही, कस्टमवाल्यांची आहे. धरणा-नदीत यांत्रिक बोट चालवायची तर २०२१ चा अंतर्देशीय जहाज कायदा लागतो, रजिस्ट्रेशन महाराष्ट्र मेरीटाईम बोर्डाकडे, आधीचं कुठल्या नावावर आहे आणि ट्रान्सफर कोण करून देणार हे सौद्याच्या चिठ्ठीतच लिहून घ्या. किमतीच्या पाव हिश्शाएवढे पैसे दुरुस्तीला वेगळे ठेवा. पेट्रोलही धरा, तासाला १५ ते २० लिटर सहज पिते.

घरी आणताना

ट्रेलरचं बेअरिंग, टायर, ब्रेक बघितल्याशिवाय कसारा घाट चढू नका. बोट-ट्रेलर मिळून दीड टनाच्या वर जातं, टायर वर्षानुवर्षं उभे राहून तडकलेले असतात, आणि दुपारच्या उन्हात धुळ्याच्या अलीकडे टायर फुटला तर सावलीलासुद्धा झाड मिळत नाही. रात्रीचं किंवा पहाटेचं आणा. घरी पत्र्याच्या शेडमध्ये नाही, हवा खेळेल अशा जागी ठेवा, जळगावच्या ४५ डिग्रीत पत्र्याखाली सीटचं रेक्झिन आणि रबर दोन्ही भाजून निघतं.

धरणावर बोट पाण्यात उतरवायचा उतार, म्हणजे स्लिपवे, बहुधा नसतो, ट्रॅक्टरच लागतो, आणि ड्रायव्हर असा घ्या जो ऊसाची ट्रॉली रिव्हर्समध्ये सरळ लावतो. पाण्यात ढकलण्याआधी तळाचा ड्रेन प्लग स्वतःच्या हातानं आवळा, दुसऱ्याला सांगून मोकळे होऊ नका, आणि पहिल्या दिवशी ट्रॅक्टर लगेच परत पाठवू नका, अर्धा तास काठाजवळच फिरवून इंजिनाचं झाकण उघडा, बिल्जमध्ये, म्हणजे तळातल्या पोकळीत, पाणी किती साचलंय ते बघा, मगच दोर बांधा.