थर्मोस्टॅटला सी वायर जोडताना

नवा वाय-फाय थर्मोस्टॅट, म्हणजे घराचे तापमान सांभाळणारे भिंतीवरचे यंत्र, दोन-चार दिवस नीट चालतो आणि ऐन जानेवारीत एका पहाटे त्याचा पडदा काळा पडतो. थर्मोस्टॅट बिघडलेला नसतो, उपाशी असतो. अमेरिका-कॅनडातल्या जुन्या घरांत हा प्रकार नेहमीचा, आणि बहुतेक वेळा कारण एकच: सी वायर जोडलेली नसते.

फर्नेस म्हणजे घर तापवणारी भट्टी. तिच्यातला छोटा ट्रान्सफॉर्मर १२० व्होल्टचे २४ व्होल्ट करतो. आर वायर ही वीज भिंतीपर्यंत आणते. जुना थर्मोस्टॅट म्हणजे नुसता स्विच. त्याने आर डब्ल्यूला जोडली की फर्नेस पेटते, वायला जोडली की एसी सुरू होतो, जीला जोडली की पंखा. त्याला स्वतःला वीज लागत नसे, लागलीच तर दोन सेलांवर भागे. वाय-फायवाल्याला मात्र चोवीस तास वीज लागते, आणि ती ट्रान्सफॉर्मरकडे परत जाण्याची वाट म्हणजे सी. ती नसली की काही थर्मोस्टॅट डब्ल्यू किंवा वायच्या वाटेने थोडी वीज चोरतात. मग रिले (विजेने चालणारा छोटा स्विच) टकटकतो, एसी मध्येच सुरू होऊन बंद पडतो, किंवा आतली बॅटरी हळूहळू उतरते.

काम सुरू करण्याआधी फर्नेसचा ब्रेकर पाडा. एसीचा ब्रेकर वेगळा असतो, तोही पाडा. थर्मोस्टॅट काढून मागे पाहा. जाड वायरी असतील, त्यांवर पिळून बसवलेल्या टोप्या असतील किंवा १२०, २४० असे आकडे दिसले, तर ती बेसबोर्ड हीटरची, म्हणजे भिंतीच्या पायथ्याशी बसवलेल्या विजेच्या हीटरची लाइन आहे. हा लेख तिच्यासाठी नाही, तिथेच थांबा. बारीक रंगीत वायरी असतील तर केबल भिंतीतून अलगद थोडी बाहेर ओढा. वापरात नसलेली एखादी वायर केबलभोवती गुंडाळून आत सारलेली सापडते, आणि सापडली तर निम्मे काम झाले. ती बहुधा निळी असते, पण रंगावर विश्वास नको. त्या वायरीचे दुसरे टोक फर्नेसपाशी बघून खात्री करा.

आता तळघरात. फर्नेसचे झाकण काढा. पंख्याच्या कप्प्याच्या झाकणामागे दाबला जाणारा एक स्विच असतो, झाकण काढले की तो वीज तोडतो. तरीही त्याच्या भरवशावर राहून ब्रेकर चालू ठेवू नका. बोर्डावर आर, सी, डब्ल्यू, वाय, जी अशी अक्षरे असलेले स्क्रू दिसतील. काहीही सैल करण्याआधी फोटो काढा.

इथे बरेच जण फसतात. सीच्या स्क्रूखाली आधीच एक वायर असते आणि ती थर्मोस्टॅटचीच असावी असे वाटते. खरे तर ती बाहेरच्या एसी युनिटकडे जाते, तिची जोडीदार वायवर असते. ती काढू नका. मोकळ्या वायरीचे ८ मिलिमीटर टोक सोला, घड्याळाच्या दिशेने आकडा वळवा आणि त्याच स्क्रूखाली शेजारी बसवा. उलटा आकडा स्क्रू आवळताना बाहेर सरकतो. स्क्रूखाली दोन वायरी नीट धरत नसतील तर त्या दोन्ही आणि एक तोकडी तिसरी वायर टोपीने एकत्र पिळा, आणि फक्त तोकडी सीवर घ्या. वरचे टोक थर्मोस्टॅटच्या सीमध्ये.

वीज चालू असताना आर आणि सी एकमेकींना टेकल्या की बोर्डावरचा फ्यूज उडतो. तो गाडीत असतो तसलाच, ३ अँपिअरचा जांभळा किंवा ५ अँपिअरचा फिकट तपकिरी. होता तेवढ्याच अँपिअरचा घाला, मोठा नको. काही जुन्या फर्नेसमध्ये फ्यूजच नसतो, तिथे थेट ट्रान्सफॉर्मर जळतो.

झाकण बसवून, ब्रेकर चढवून भिंतीवरच्या प्लेटवर आर आणि सीच्या मध्ये मल्टीमीटर लावा, एसी व्होल्टवर (इथे एसी म्हणजे प्रत्यावर्ती प्रवाह). २४ ते २८ दिसले की ठीक. शून्य दिसले तर आधी झाकण नीट बसले आहे का ते पाहा, मग फ्यूज. बोर्डावर व्होल्टेज येते आणि भिंतीवर येत नाही, तर वायर मध्ये तुटली आहे किंवा तुम्ही भलतीच धरली आहे.

मोकळी वायर नसेल तर उत्तम उपाय नवी १८ गेजची केबल. पाचऐवजी आठ वायरींची घ्या, पुढे हीट पंप (घर गरम आणि थंड दोन्ही करणारे एकच यंत्र) आला तर लागतील. जुन्या केबलला बांधून ती ओढता येते, पण जुनी आत खिळ्यांनी ठोकलेली असेल तर जोर लावून उपयोग नाही. दुसरा उपाय थर्मोस्टॅट कंपनीचा अडॅप्टर. तोही नको असेल तर जीची वायर दोन्ही टोकांना सीवर हलवा. एसी असेल तर बोर्डावर वाय आणि जीच्या मध्ये छोटा तुकडा जोडा, म्हणजे थंडाव्याबरोबर पंखा फिरेल. नुसता पंखा चालवण्याची सोय मात्र जाते. हीट पंप असलेल्या घरात ही युक्ती करू नका.

हीटिंग आणि कूलिंगचे ट्रान्सफॉर्मर वेगळे असतील, म्हणजे आरसी (कूलिंगची आर) आणि आरएच (हीटिंगची आर) अशा दोन वायरी आल्या असतील, तर थर्मोस्टॅटला ज्या आरवरून वीज मिळते त्याच ट्रान्सफॉर्मरची सी घ्यावी लागते. ती कोणती हे त्या मॉडेलच्या पुस्तिकेत असते.

केबल येते ते भिंतीचे भोक पुट्टीने बुजवा. भिंतीतला गार वारा थेट थर्मोस्टॅटच्या पाठीवर येतो आणि तो तापमान कमी दाखवतो. चाचणी आधी हीटिंगची घ्या. बाहेर १५ अंश सेल्सिअसच्या खाली असेल तर एसी चालवून पाहू नका, उन्हाळ्यापर्यंत थांबा. आणि तेव्हा तो लगेच सुरू झाला नाही तर वायरी उपसायला घेऊ नका. कंप्रेसर वाचवण्यासाठी बरेच थर्मोस्टॅट पाचेक मिनिटे मुद्दाम थांबतात.