लोक आपल्याला कसे पाहतात? अंदाज बांधताना या चुका टाळा

लोकांचे आपल्याविषयी काय मत असेल याचा अंदाज बांधताना आपण बहुधा लोकांकडे पाहतच नाही. स्वतःविषयीचे आपलेच मत त्यांच्या तोंडी घालतो, आणि पुढच्या बहुतेक चुका येथूनच सुरू होतात.

सगळ्यांचे लक्ष आपल्याकडेच आहे असे धरून चालणे, ही त्यांतली सर्वांत सर्रास होणारी चूक. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाच्या थॉमस गिलोविच आणि सहकाऱ्यांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात, विद्यार्थ्यांना गायक बॅरी मॅनिलो यांचे चित्र असलेला, घालायला लाज वाटेल असा टी-शर्ट देऊन इतर विद्यार्थी बसलेल्या खोलीत पाठवले होते. साधारण निम्म्या जणांनी चित्र ओळखले असेल असे त्यांना वाटले. प्रत्यक्षात ओळखणारे जेमतेम पाव होते.

याच जातीची दुसरी चूक अधिक महागात पडते, ती म्हणजे मनातले न बोलता समोरच्याला कळले असेल असे मानणे. गृहनिर्माण संस्थेच्या सभेत एखादा सभासद कपाळाला आठ्या घालून, हाताची घडी घालून गप्प बसतो आणि आपला विरोध सर्वांना कळला असे समजतो. इतिवृत्तात मात्र ‘ठराव सर्वानुमते मंजूर’ अशी नोंद होते, आणि त्यात सचिवांचा दोष नसतो. विरोध असेल तर तो शब्दांत सांगावा आणि नोंदवूनही घ्यावा.

अभिप्राय मागताना ‘मी कसा वाटतो?’ असे विचारू नये, कारण त्याला ‘छानच’ याखेरीज उत्तर मिळत नाही. ‘कालच्या बैठकीत मी कोणाचे बोलणे मध्येच तोडले का?’ असा घडलेल्या प्रसंगावर बोट ठेवणारा प्रश्न विचारावा. उत्तर ऐकताच ‘तसे नव्हे, त्या दिवशी काय झाले...’ असा खुलासा सुरू केला, की तो माणूस पुन्हा खरे सांगण्याच्या भानगडीत पडत नाही.

कोणत्या गोष्टीत कोणाचे ऐकावे, हेही पाहावे लागते. मानसशास्त्रज्ञ सिमिन वझीर यांच्या २०१० मधील संशोधनानुसार मनातली अस्वस्थता स्वतःला अधिक नेमकी कळते, तर बुद्धिमत्तेसारख्या गुणांचा अंदाज जवळच्या मित्रांना अधिक अचूक येतो. मात्र एकाच्या शेऱ्याला सर्वांचे मत समजू नये. एकमेकांशी फारसा संबंध नसलेल्या दोघा-तिघांकडून, उदाहरणार्थ घरातून आणि कचेरीतून, तीच तक्रार आली, तर मात्र ती गंभीरपणे घ्यावी.