एकट्याने, पायी, एका दिवसात: सीएसएमटी ते गिरगाव चौपाटी

मुंबई एकट्याने पायी पाहायची असेल तर आधी ती लहान करून घ्यावी. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून (सीएसएमटी) गिरगाव चौपाटीपर्यंतचा तुकडा एका दिवसाला पुरेसा आहे. आडवाटा धरून चाल साधारण ८ ते ९ किलोमीटर होते. या तुकड्यात शहर ज्या क्रमाने वाढले, त्याच क्रमाने चालता येते: आधी जुन्या किल्ल्याची हद्द, मग तट पाडल्यावर मैदानाच्या कडेने उभ्या राहिलेल्या दगडी इमारती, आणि शेवटी समुद्र हटवून मिळवलेल्या जमिनीवरची वस्ती. पहिल्या वेळी मी उलटा, मरीन ड्राइव्हकडून निघालो आणि भर दुपारी दीड वाजता गेटवेच्या तापलेल्या फरशीवर पोहोचलो. तेव्हापासून सकाळ पूर्वेला आणि संध्याकाळ पश्चिमेला, असा नेम ठेवला आहे. सूर्यही त्याच दिशेने जातो, त्यामुळे दिवसाअखेरी सूर्यास्त आपोआप पदरात पडतो.

डिसेंबर ते फेब्रुवारी हे महिने उत्तम. रविवारी सकाळी फोर्टातील, म्हणजे जुन्या किल्ल्याच्या भागातील, रस्ते मोकळे असल्याने इमारती निवांत पाहता येतात, पण कचेऱ्यांबरोबर खाण्याच्या बऱ्याच जागाही बंद असतात आणि काही गल्ल्या इतक्या ओस पडतात की एकट्या माणसाला, विशेषतः एकट्या स्त्रीला, तेथे रेंगाळावेसे वाटत नाही. म्हणून पहिल्या फेरीसाठी कामाचा वार निवडावा, असे माझे मत आहे. सामान फार नको: पाण्याची बाटली, टोपी किंवा छत्री, सुट्टे पैसे आणि पायाच्या सवयीचे बूट. बाहेरगावाहून येणाऱ्याने मोठी बॅग स्थानकावरच्या क्लोकरूममध्ये ठेवावी. बॅगेला कुलूप नसेल तर ती घेत नाहीत, हे घरून निघतानाच लक्षात ठेवावे.

सकाळी साडेसातला सीएसएमटीच्या बाहेर यावे. समोरचा रस्ता वरून ओलांडण्याच्या फंदात न पडता भुयारी मार्गाने पलीकडे जाऊन महापालिकेच्या बाजूने स्थानकाकडे पाहावे. १८७८ मध्ये काम सुरू होऊन दहा वर्षांत पूर्ण झालेली ही इमारत आणि १८९३ ची महापालिकेची इमारत एकाच वास्तुशास्त्रज्ञाची, फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स यांची आहे. स्थानकाला २००४ मध्ये जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. घुमटावर सगळेच नजर टाकतात. आपण फाटकाचे दोन खांबही पाहावेत. एकावर सिंह आहे, दुसऱ्यावर वाघ. सिंह ब्रिटनचा आणि वाघ हिंदुस्थानचा.

येथून दादाभाई नौरोजी रस्त्याने दक्षिणेकडे निघावे. या रस्त्याचे खरे वैभव म्हणजे इमारतींच्या तळमजल्यावरून सलग जाणाऱ्या कमानी. त्यांच्याखालून उन्हात सावलीतून आणि पावसात कोरडे चालता येते. पदपथावर मांडलेली दुकाने वाट अडवतात हे खरे. तरीही मुंबईत पायी चालणाऱ्याचा इतका विचार करून बांधलेला रस्ता क्वचितच सापडेल. मात्र कमानींखाली राहिले की इमारत दिसत नाही. म्हणून अधूनमधून रस्ता ओलांडून समोरच्या बाजूचे पहिल्या मजल्यापासून वरचे भाग पाहावेत. याच रस्त्यावर वाच्छा अग्यारी, म्हणजे पारशांचे अग्निमंदिर, आहे. पारशांखेरीज इतरांना आत प्रवेश नाही, पण दारावरचे पंख असलेले, माणसाच्या तोंडाचे, दाढीवाले बैल बाहेरूनच पाहायचे आहेत. ते लक्षात ठेवावेत. दुपारी त्यांचे नातेवाईक भेटणार आहेत.

साधारण एका किलोमीटरवर हुतात्मा चौक येतो. किल्ल्याला बाजार गेट, चर्चगेट आणि अपोलो गेट असे तीन दरवाजे होते. १८६० च्या दशकात तट पाडला गेला, आणि चर्चगेट जेथे होते तेथे १८६४ मध्ये फ्लोरा फाउंटन उभे राहिले. चर्चगेट स्थानक येथून बरेच पश्चिमेला असूनही त्याचे नाव या नाहीशा झालेल्या दरवाजाचे आहे. कारंज्याशेजारी मशाल घेतलेल्या शेतकऱ्याचे आणि कामगाराचे शिल्प आहे, ते संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यातील हुतात्म्यांचे स्मारक. २१ नोव्हेंबर १९५५ रोजी याच परिसरात मोर्चावर गोळीबार झाला आणि १ मे १९६० रोजी मुंबईसह महाराष्ट्र अस्तित्वात आला. मराठी माणसाने येथे फोटो काढून लगेच पुढे जाऊ नये. दोन मिनिटे उभे राहावे.

रस्ता विचारायची वेळ आली तर नवे आणि जुने अशी दोन्ही नावे माहीत असावीत. टॅक्सीवाल्याच्या तोंडी अजून ‘व्हीटी’ (सीएसएमटीचे जुने नाव, व्हिक्टोरिया टर्मिनस) आणि ‘फाउंटन’ (हुतात्मा चौक) आहे, पाट्यांवर मात्र नवी नावे आहेत. आणि ‘नेताजी सुभाषचंद्र बोस मार्ग कुठे?’ असे विचारल्यास मरीन ड्राइव्हवर उभा असलेला माणूससुद्धा क्षणभर गोंधळतो. विचारावे ते वृत्तपत्रविक्रेत्याला किंवा टपरीवाल्याला. घाईने चालणारा कचेरीतला माणूस रस्ता सांगतो, पण चालता चालता. एक गोष्ट बाहेरगावच्यांनी ध्यानात ठेवावी: या भागात रिक्षा नाहीत. पाय थकले तर टॅक्सी, बस किंवा लोकल.

चौकातून पूर्वेला वळावे. वाटेत १७१८ मध्ये खुले झालेले सेंट थॉमस कॅथीड्रल लागते. दरवाजाच्या नावातले ‘चर्च’ ते हेच. पुढे हॉर्निमन सर्कलची गोल बाग आहे. बॉम्बे क्रॉनिकलचे संपादक बेंजामिन हॉर्निमन यांनी जालियनवाला बागेच्या बातम्या छापल्या आणि १९१९ मध्ये सरकारने त्यांना हद्दपार केले. हे नाव त्यांचे. बागेसमोर एशियाटिक सोसायटीचा टाउन हॉल, १८३३ चा. त्याच्या ३० पायऱ्या चढून मागे वळून पाहिल्यावर सर्कलची गोलाई नीट कळते. रखवालदाराने हटकले नाही तर तेथेच थोडे टेकावे. या भागात रिझर्व्ह बँक, टांकसाळ आणि पलीकडे नौदलाची गोदी आहे. त्यांच्या फाटकांकडे कॅमेरा रोखू नये.

एव्हाना भूक लागलेली असते. एकट्याने फिरण्याचा सर्वांत मोठा फायदा खाण्याच्या वेळी कळतो. चौघांच्या टोळक्याला जेथे वीस मिनिटे ताटकळावे लागते, तेथे एकट्याला ‘एकच ना? तिकडे बसा’ म्हणून अनोळखी माणसांच्या टेबलावर जागा मिळते. त्यात संकोच मानू नये, ती येथील रीतच आहे. इराण्याच्या हॉटेलात गेल्यास ब्रुन मस्का (कडक पाव आणि लोणी) आणि चहा मागवावा. ब्रुनचे कवच इतके कडक असते की तो नुसता चावायला गेल्यास टाळू सोलते; तुकडा चहात बुडवून, लोणी वितळून चहावर पिवळे ठिपके तरंगू लागले की खावा. दुपारच्या जेवणासाठी बॅलार्ड इस्टेटमधील, १९२३ पासून चालू असलेल्या ब्रिटानियाचा बेरी पुलाव प्रसिद्ध आहे. साधी थाळी हवी असेल तर फोर्टात उडुपी हॉटेले पुष्कळ आहेत. फक्त एक ते दोन ही कचेऱ्यांच्या जेवणाची वेळ टाळावी.

उन्हाचे तास घराच्या आत काढायचे, आणि त्यासाठी काळा घोडा परिसरातील छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयासारखी जागा नाही. १९२२ मध्ये लोकांसाठी खुली झालेली ही इमारत जॉर्ज विटेट यांची; कुर्ल्याचा करडा आणि मालाडचा पिवळसर, असे दोन दगड तिच्या भिंतींत उघड दिसतात. आत असीरियन राजवाड्यातील कोरीव शिळा आहेत. सकाळच्या अग्यारीवरील बैल ज्या शैलीतून आले ती शैली येथे समोरासमोर पाहता येते. सगळी दालने पाहण्याचा हट्ट धरू नये, दोन निवडावीत. शिवाय तिकिटात बाक, पिण्याचे पाणी आणि स्वच्छतागृह मिळते, आणि दिवसभर पायी हिंडणाऱ्या बाईला यातले शेवटचे किती मोलाचे आहे हे वेगळे सांगायला नको. रस्त्यावर पुढचे चांगले स्वच्छतागृह कोठे मिळेल याचा भरवसा नसतो, तेव्हा निघण्यापूर्वी जाऊन यावे.

गेटवे ऑफ इंडिया येथून दहा मिनिटांवर आहे. पाया १९१३ मध्ये घातला आणि उद्घाटन झाले १९२४ मध्ये. २८ फेब्रुवारी १९४८ रोजी शेवटची ब्रिटिश पलटण याच कमानीतून बाहेर पडली. लोक तेथे अर्धा दिवस घालवतात. माझ्या मते वीस मिनिटे पुरतात. घारापुरीची लाँच पाहून मोह होतो, पण लेणी हा स्वतंत्र दिवसाचा कार्यक्रम आहे.

साडेचारच्या सुमारास परत फिरून ओव्हल मैदानावर यावे. संपूर्ण फेरीतले एकच ठिकाण निवडायचे झाले तर मी हे निवडीन. मैदानाच्या मधल्या पायवाटेवर, क्रिकेटचे चेंडू चुकवत, उभे राहावे. पूर्वेला उच्च न्यायालय आणि विद्यापीठाचा ८५ मीटर उंच राजाबाई टॉवर. त्यासाठी प्रेमचंद रायचंद यांनी पैसे दिले आणि नाव आपल्या आईचे ठेवले. या बाजूला अणकुचीदार कमानी, शिखरे, कोरलेले दगड. आता पाठ फिरवावी. पश्चिमेला १९३० च्या दशकातील आर्ट डेको इमारतींची रांग: गोलसर बाल्कन्या, खिडक्यांवर भुवयांसारखे छज्जे, फिकट रंग. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्या बाजूला समुद्र होता. भराव घालून जमीन झाली आणि तिच्यावर ही घरे उठली. साठ वर्षांचे अंतर एका मैदानात मावते. २०१८ मध्ये युनेस्कोने वारसा म्हणून नोंद केली ती या दोन्ही बाजूंची मिळून. तिरपे ऊन टॉवरवर पडते ते याच वेळी, म्हणून फोटो आधी पूर्वेकडचे काढावेत.

मग मरीन ड्राइव्ह. रस्ता सिग्नलवरच ओलांडावा आणि कठड्यावर बसून पायांना खरोखरची विश्रांती द्यावी, कारण चौपाटीपर्यंतची चाल अजून बाकी आहे. डिसेंबरात सूर्य सव्वासहाच्या आत मावळतो. पावसाळ्यात भरतीची वेळ आधी पाहावी. मोठ्या भरतीला लाटा कठड्यावरून थेट रस्त्यावर येतात. अंधार पडल्यावर दिव्यांची माळ समोर दिसू लागते, आणि तिच्या कडेकडेने चालत चौपाटी गाठावी. तेथे लोकमान्य टिळकांचा पुतळा आहे. १९२० मध्ये त्यांच्यावर अंत्यसंस्कार या वाळूत झाले. त्यांच्या सार्वजनिक गणेशोत्सवाची मुंबईतील सुरुवात ज्या केशवजी नाईक चाळीत १८९३ मध्ये झाली, तीही गिरगावातच आहे. अंगात बळ उरले असेल तर तिकडे एक चक्कर मारावी, नाहीतर भेळ घ्यावी.

परतीसाठी चर्नी रोड स्थानक जवळ आहे. क्लोकरूममधली बॅग घ्यायची असेल तर लोकलने दोन स्थानके मागे चर्चगेटला जावे आणि तेथून सीएसएमटीला टॅक्सी करावी. उपनगरांकडे जाणाऱ्याने धीमी लोकल पकडावी; मध्य रेल्वेवर राहणाऱ्यांना दादरला बदलता येते. गर्दी आठच्या पुढे हळूहळू ओसरते, त्यामुळे पहिली गाडी भरलेली आली तर ती खुशाल सोडून द्यावी.