कासिताच्या अंगणात कलाकाम करायचं तर

न्यूयॉर्कच्या साउथ ब्राँक्समध्ये रिंकोन क्रिओयो नावाची, शेजाऱ्यांनी मिळून चालवलेली सामुदायिक बाग आहे. तिच्यात एक लाकडी घर आहे: जमिनीपासून जरा उचललेलं, पत्र्याच्या छपराचं, भडक रंगाचं, पुढे पडवी आणि पडवीपुढे झाडून लख्ख केलेलं मातीचं अंगण. घराला म्हणतात कासिता, अंगणाला बातेय. कॅरिबियनमधल्या प्वेर्तो रिको बेटावरच्या खेड्यात असतं तसं हे घर १९७०च्या दशकात चेमा सोतो आणि शेजाऱ्यांनी जळक्या इमारतींच्या राडारोड्यातून साफ केलेल्या मोकळ्या जागेवर उभं केलं. २००६ मध्ये ती जागा घरबांधणीसाठी गेली, तेव्हा कासिता जवळच दुसऱ्या प्लॉटवर पुन्हा बांधली गेली.

कला, वास्तुकला किंवा लँडस्केप शिकायला आलेल्या मराठी विद्यार्थ्याला अशा बागेत ‘इमर्सिव्ह’, म्हणजे पाहणाऱ्याला आत ओढून घेणारं काहीतरी करावंसं वाटतं आणि पहिला विचार प्रोजेक्टरचा येतो. तो बाजूला ठेवा. अशा अंगणात होणाऱ्या बॉम्बा या प्वेर्तो रिकोच्या नाचात मुख्य ढोलकरी नाचणाऱ्याला ठेका देत नाही. नाचणारी व्यक्ती पावलं टाकते आणि ‘प्रिमो’ ढोल त्या पावलांना उत्तर देतो. प्लेना या तिथल्याच गाण्याच्या प्रकारात पांदेरेता नावाचे तीन आकारांचे डफ असतात. सर्वांत मोठा सेगिदोर ठेका धरून ठेवतो आणि सर्वांत छोटा रेकिंतो त्यावर खेळतो. पाहणारा आणि कलाकार यांच्यातली रेघ इथे आधीच पुसलेली आहे. तुमचं काम आहे त्या अंगणाला टिकणारं, ऐकू येणारं आणि वास देणारं काहीतरी जोडणं.

बागेत शिरण्याची वाट कागदपत्रांतून जात नाही. शहराच्या उद्यान विभागाची सामुदायिक बागांसाठीची ग्रीनथंब योजना १९७८ पासून चालते आणि आज ५००हून अधिक बागा तिच्याखाली आहेत. १ एप्रिल ते ३१ ऑक्टोबर या हंगामात बागेला आठवड्यातून किमान २० तास सर्वांसाठी उघडं राहावं लागतं. त्या तासांत जा, तण काढा, कंपोस्ट उलथा, महिन्याच्या बैठकीला बसा. स्पॅनिश येत नसेल तर निदान ‘बुएनास तार्देस, दोन्या’ (शुभ दुपार, बाई) म्हणायला शिका; वयस्क बाईंना नुसत्या नावाने हाक मारत नाहीत. कल्पना मांडायची ती दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात. खोदकाम किंवा नवं बांधकाम असेल तर बागेच्या गटाची संमती आणि ग्रीनथंबची मंजुरी दोन्ही लागतात. ध्वनिवर्धक लावायचा तर पोलिसांची वेगळी परवानगी. नुसत्या ढोलांना ध्वनिवर्धकाचा परवाना लागत नाही. आणि एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर असाल तर मानधन स्वीकारण्याआधी विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयात विचारा. सीपीटी (अभ्यासक्रमाचा भाग असलेलं काम) किंवा ओपीटी (शिक्षणाशी निगडित काम) यांसारख्या परवानगीशिवाय कॅम्पसबाहेर मोबदल्याचं काम करता येत नाही, रक्कम छोटी असली तरी.

सुरुवात अंगणापासून करा, कारण सर्वांत मोठी चूक तिथेच होते. या प्लॉटवर जुन्या इमारतींचा राडारोडा गाडलेला असतो आणि जुन्या रंगातलं शिसं मातीत उतरलेलं असतं. भाज्यांचे वाफे म्हणूनच फळ्या ठोकून फूटभर उंच करतात आणि बाहेरून आणलेली स्वच्छ माती भरतात. वाफ्यांची काळजी सगळे घेतात, अंगण विसरतात. पण नाचताना धूळ तिथेच उडते आणि लहान मुलं त्याच उंचीवर श्वास घेतात. आधी माती तपासून घ्या. मग जुन्या मातीवर जिओटेक्स्टाइल (पाणी जाऊ देणारं, माती अडवणारं) कापड अंथरा आणि त्यावर दगडाची बारीक भुकटी दाबून १० सेंटिमीटर थर करा. ४ बाय ५ मीटर अंगणाला २ घनमीटर, म्हणजे तीनेक टन माल लागतो. दबून कमी होतो म्हणून पाचवा हिस्सा जास्त मागवा. ५-५ सेंटिमीटरचे दोन थर, प्रत्येक थर पाणी शिंपडून ठोकायचा. एकदम १० सेंटिमीटर टाकलं तर वरचा पापुद्रा घट्ट होतो, खाली पोकळ राहतं आणि पहिल्याच नाचात टाचा रुततात. फाटकापासून अंगणापर्यंतची वाट ३६ इंचांहून अरुंद नको, व्हीलचेअर अडते.

आवाजाचं इन्स्टॉलेशन इथे सर्वांत चांगलं रुळतं: वडीलधाऱ्यांनी सांगितलेल्या आठवणी, बाकावर बसलं की ऐकू येणाऱ्या. क्यूआर कोडच्या पाट्या लावू नका. ज्यांचे आवाज आहेत तीच माणसं फोन काढून ऐकत नाहीत. छोटा स्पीकर बसलेल्या माणसाच्या कानाजवळ, जमिनीपासून १.१ मीटरवर, तोंड खाली करून बसवा, म्हणजे पाऊस आत जात नाही. आवाज इतकाच ठेवा की दोन मीटरवर तो विरून जाईल. बहुतेक बागांत वीज नसते. चार स्पीकर आणि अँप्लिफायर मिळून १० वॉट धरले तर सहा तासांना ६० वॉट-तास लागतात. १२ व्होल्ट, २० अँपिअर-तासांची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी २४० वॉट-तास देते, म्हणजे थोडी राखून तीन ढगाळ दिवस निघतात. ५० वॉटचं सौर पॅनेल कागदावर पुरतं, पण एका फांदीची सावलीही वीज निम्म्याहून खाली आणू शकते, कारण पॅनेलमधले सेल एकामागे एक जोडलेले असतात. जागा ठरवण्याआधी सकाळी ९, दुपारी १२ आणि ३ वाजता सावली खुणेने आखून घ्या. तारा नळीतूनच न्या, उंदीर कुरतडतात. रेकॉर्डिंगआधी संमती लेखी घ्या, बोलणाऱ्याच्या भाषेत, आणि ‘नंतर काढून टाकायला सांगू शकता’ हे वाक्य त्यात असू द्या.

आता तूर. प्वेर्तो रिकोच्या सणाच्या भातात पडणारे गांदुलेस म्हणजे आपली तूरच. भारतातून आफ्रिकेत आणि तिथून कॅरिबियनमध्ये गेलेली. हे कळल्यावर मराठी माणसाला बागेत बोलायला विषय शोधावा लागत नाही. पण न्यूयॉर्कमध्ये ती सहज फळत नाही. तूर दिवस लहान झाल्यावर फुलते. इथे जूनमध्ये दिवस १५ तासांचा असतो आणि १३ तासांखाली तो सप्टेंबरात उतरतो. शेंगा भरेपर्यंत कडाक्याची थंडी पडते. झाड माणसाएवढं होतं आणि शेंग एक नाही, म्हणून लोक खत कमी पडलं समजून नत्र घालतात, त्याने पालाच वाढतो. लवकर येणारा, दिवसाच्या लांबीला कमी दाद देणारा वाण निवडा. एप्रिलमध्ये घरात पीटच्या, म्हणजे मातीत विरघळणाऱ्या कुंडीत पेरा, कारण सोटमूळ दुखावलेलं चालत नाही, आणि मे अखेरीस कुंडीसकट वाफ्यात लावा. गावाहून सामानात बी आणू नका. पेरणीच्या बियांना वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र लागतं. ओळीने लावलेली तूर ऑगस्टपर्यंत अंगणाला हिरवी भिंत देते, आवाजाच्या बाकांना आडोसा तीच.

कुंपणासाठी लोअर ईस्ट साइडची ला प्लासा कुल्तुराल बाग पाहून या. रोलांदो पोलिती यांनी डबे-पत्रे कापून केलेली फुलं तिथल्या जाळीवर हिवाळ्यातही फुललेली असतात. तसं करताना कडा ५ मिलिमीटर दुमडा आणि बांधायला तांब्याची तार वापरू नका, तिच्या स्पर्शाला अ‍ॅल्युमिनियम झिजतं. गॅल्व्हनाइझ्ड तार घ्या.

नोव्हेंबरात बॅटरी घरी आणा, ती शून्य अंशाखाली चार्ज केली की कायमची खराब होते. स्पीकरची भोकं बंद करा. मूळ रेकॉर्डिंगच्या तीन प्रती करा: एक बागेच्या गटाकडे, एक बोलणाऱ्याच्या कुटुंबाकडे, एक तुमच्याकडे. तुमची प्रत कुठे वाजवायची हे मात्र दर वेळी त्यांना विचारूनच.