धिंगरी अळिंबी : स्पॉन वाढवा घरात, काढणी घ्या माडाखाली

भाताची झोडणी आटपली की कोकणात आणि मावळात ताजा, पिवळाधमक पेंढा हाताशी असतो आणि रात्रीचा गारवाही सुरू झालेला असतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी या दिवसांत कूलर, फॉगर न लावता धिंगरी, म्हणजे ऑयस्टर मशरूम, घेता येते. ज्यांना पहिल्यांदाच करून बघायचं आहे, त्यांनी याच हंगामात हात घालावा.

एक गोष्ट आधी पक्की समजून घ्या. या पिकाचे दोन टप्पे आहेत आणि दोघांच्या गरजा उलट्या आहेत. स्पॉनमधली, म्हणजे अळिंबीच्या बियाण्यातली, बुरशी पेंढ्यात पसरते तेव्हा तिला अंधार, ऊब आणि बंद हवा लागते. अळिंबी फुटते तेव्हा मात्र वारा खेळता हवा, मंद उजेड हवा आणि भरपूर ओलावा हवा. दोन्ही एकाच कोंदट खोलीत उरकायला गेलं की लांब दांड्याची, बटणाएवढ्या छत्रीची अळिंबी येते. म्हणून पहिला टप्पा घरात करा. दुसऱ्या टप्प्याला जागा नसेल तर बेड, म्हणजे पेंढा आणि स्पॉन भरलेली पिशवी, सरळ वाडीत न्या.

स्पॉन म्हणजे गव्हाच्या किंवा ज्वारीच्या उकडलेल्या दाण्यांवर वाढवलेली बुरशी. पिशवी उजेडात धरून बघा. दाणा न् दाणा पांढऱ्या तंतूंनी वेढलेला हवा. कुठे हिरवा, काळा ठिपका दिसला, तळाशी पाणी सुटलं असेल किंवा आंबट वास आला, तर पैसे गेले तरी चालतील पण ती पिशवी वापरू नका. महिन्याच्या आतलं स्पॉन घ्या आणि एसटीतून आणताना उन्हात ठेवू नका. पुण्याच्या कृषी महाविद्यालयात अखिल भारतीय समन्वित अळिंबी प्रकल्पाचं केंद्र आहे. स्पॉनची आणि प्रशिक्षणाची चौकशी तिथे किंवा जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात करा.

खरी मेहनत पेंढ्यावर आहे. झोडणीनंतर पावसात भिजून काळा पडलेला पेंढा गुरांच्या खाली घाला, बेडला नको. चांगला पेंढा 3 ते 5 सें.मी. कापून गोणीत भरा, 10-12 तास पाण्यात बुडवा, मग पिंपात 80 अंश सेल्सिअसच्या पाण्यात तासभर ठेवा. अंदाजावर जाऊ नका, थर्मामीटर घ्या. फॉर्मालिन (जंतुनाशक) आणि कार्बेन्डाझिम (बुरशीनाशक) यांच्या द्रावणात भिजवायचीही पद्धत आहे, पण घरगुती प्रमाणावर मी गरम पाणीच सांगेन. फॉर्मालिनची वाफ डोळ्यांना, नाकाला झोंबते.

पेंढा स्वच्छ ताडपत्रीवर सावलीत पसरून निथळू द्या. मूठभर घेऊन घट्ट पिळा. तळवा ओला व्हावा, पण थेंब गळू नये. थेंब गळत असेल तर आणखी थांबा, कारण जास्त पाण्याने बेड आतून सडतो. पेंढा पूर्ण निवल्याशिवाय स्पॉन घालू नका.

भरताना पंखा बंद ठेवा, हात साबणाने धुवा. ओल्या पेंढ्याच्या 2 टक्के स्पॉन पुरतं, म्हणजे 4 किलोच्या बेडला 80 ग्रॅम. प्लास्टिकच्या पिशवीत पेंढ्याचे चार-पाच थर दाबून भरा आणि प्रत्येक थरावर स्पॉन कडेकडेने जास्त टाका. तोंड बांधून सुईने 20-25 भोकं पाडा. मग पडवीतली अंधारी खोली, 24 ते 28 अंश तापमान. बेड एकमेकांवर रचू नका. वाढती बुरशी स्वतः उष्णता सोडते. 15 ते 20 दिवसांत बेड पांढराशुभ्र होतो. हिरवी बुरशी दिसलेला बेड लगेच उचलून लांब पुरा.

आता बाहेर. प्लास्टिक काढा आणि बेड नायलॉनच्या दोरीने माडाच्या किंवा आंब्याच्या दाट सावलीत, झावळ्यांच्या मांडवाखाली टांगा. भोवती गोणपाट लावून ते ओलं ठेवा, खाली वाळू भिजवा. बेडवर दिवसातून दोन-तीनदा धुक्यासारखी बारीक फवारणी करा. टाचणीच्या डोक्याएवढे कोंब दिसले की पहाटेच्या कोरड्या वाऱ्यापासून त्यांना जपा, वाऱ्याने ते तपकिरी पडून मरतात. बारीक माशांसाठी पिवळे चिकट सापळे लावा. बेडवर कीटकनाशक मारू नका. काहीजण स्पॉन थेट वाडीत पेंढ्याच्या ढिगात मिसळतात. ते दाणे उंदीर, मुंग्या आणि कोंबड्यांच्याच तोंडी जातात. आणि उघड्यावरच्या बेडवर धिंगरीखेरीज दुसरी कुठलीही अळंबी उगवली, तर ती काढून फेका, खाऊ नका.

छत्रीची कड वर वळू लागण्याआधी पाणी न मारता काढणी करा. दांडा धरून पिळला की पूर्ण गुच्छ सुटतो. उशीर केला तर बीजाणू, म्हणजे बुरशीची धुळीसारखी बारीक बीजं, उडतात आणि काहींना त्यांची ॲलर्जी होते, तेव्हा बंद खोलीत काढणी करणाऱ्यांनी तोंडाला मास्क बांधावाच. आठ-दहा दिवसांच्या अंतराने तीन बहर मिळतात, पहिला सगळ्यात मोठा.

ताजी धिंगरी एक-दोन दिवसच टिकते. गिऱ्हाईक आधी बघा आणि मग बेड भरा. उरलेला माल त्याच दिवशी उन्हात वाळवा. 10 किलो ओल्याची साधारण 1 किलो सुकी होते. संपलेला बेड कुस्करून गांडूळखताच्या खड्ड्यात टाका.