दारू सोडायला गट शोधताय? या चुका टाळा

पहिली चूक गट शोधण्याआधीच होते, आणि ती जिवावर बेतू शकते. वर्षानुवर्षं रोज पिणारा माणूस ठरवतो की गटात जायचं तर कोरडं होऊनच जायचं, आणि एका रात्रीत सगळं बंद करतो. अशा माणसाला शेवटच्या पेगनंतर ६ ते ४८ तासांत फिट येऊ शकते. दोन-चार दिवसांत भास, गोंधळ, ताप, अंगाला थरथर, म्हणजे डेलिरियम ट्रेमेन्स सुरू होऊ शकतं आणि त्यात माणूस दगावतोसुद्धा. गटातली माणसं कितीही मायाळू असली तरी तिथे सलाइन लागत नाही. सकाळी हात थरथरत असतील, उठल्याउठल्या घोट लागत असेल किंवा आधी कधी सोडताना फिट आली असेल, तर अचानक थांबू नका, आधी डॉक्टर गाठा.

आणि कोरडं असणं ही गटाची अट मुळात नाहीच. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस, म्हणजे एए, ही दारू सोडू पाहणाऱ्यांची आपापसांतली संघटना, सदस्य व्हायला एकच गोष्ट मागते: दारू सोडायची इच्छा. आपण पहिल्या मीटिंगला पिऊनच आलो होतो, हे जुने मेंबर हसत हसत सांगतात. पिऊन गेलात तर मागच्या खुर्चीत बसून नुसतं ऐका.

दुसरी गडबड फोनवर होते. नेटवर शोधलं की वरती बहुतेक वेळा खासगी व्यसनमुक्ती केंद्रांच्या जाहिराती येतात. पलीकडून पहिलाच प्रश्न 'ॲडमिट कधी करताय?' असा आला, तर तुम्ही गटाला नव्हे, केंद्राला फोन लावलाय. केंद्राची गरज असूही शकते, पण ती वेगळी गोष्ट. एएला फी नसते. मीटिंगमध्ये पैशांची पिशवी फिरते, त्यात मेंबरांनी आपखुशीने टाकायचं.

खरा नंबर लागला तरी यादीवर विसंबू नका. जागा बदलतात, वार बदलतात, आणि कुलूप लागलेल्या दारासमोर उभा राहिलेला नवा माणूस सहसा पुन्हा येत नाही. म्हणून त्याच दिवशी विचारा: आज मीटिंग नक्की आहे का? ओपन की क्लोज्ड? क्लोज्ड मीटिंग फक्त ज्यांना स्वतःची दारू सोडायची आहे त्यांच्यासाठी, ओपनला कोणीही बसू शकतं. शेवटी एक वाक्य जरूर टाका, 'मी पहिल्यांदाच येतोय.' बहुतेक ठिकाणी कोणीतरी दाराशी थांबतं. नाहीतर काय होतं, तर माणूस सातच्या मीटिंगला पावणेसातला येतो, जिन्यात मोबाइल चाळत बसतो आणि सव्वासातला 'आता उशीर झाला' म्हणत परत फिरतो.

हा फोन घरच्यांनीच करायचा, ही चूक तर घरोघरी. बायको पत्ता काढते, भाऊ गाडीतून सोडतो आणि नवरा खुर्चीत दगडासारखा बसतो. पलीकडचा जुना मेंबर हमखास म्हणतो, 'त्यांनाच बोलायला सांगा ना.' घरच्यांनी स्वतःसाठी गट शोधावा, तो जास्त उपयोगी. अल-अ‍ॅनॉन १९५१ पासून त्यांच्यासाठीच आहे, आणि किशोरवयीन मुलांसाठी १९५७ पासून अलाटीन. पिणाऱ्याने सोडली नाही तरी या गटांत जाता येतं, हे फार थोड्यांना ठाऊक असतं.

आता सगळ्यात मोठी चूक: एका मीटिंगवरून निकाल लावणे. 'तिथे सगळे माझ्यापेक्षा वाया गेलेले, माझी तर नोकरी शाबूत आहे.' यावर मेंबरांचं ठरलेलं उत्तर असतं की घटना जुळवू नका, भावना जुळवा. माझं मत विचाराल तर किमान सहा मीटिंगा, त्याही दोन-तीन वेगवेगळ्या गटांत. कुठे वाचनच फार चालतं, कुठे तासभर एकच जण बोलतो, कुठे पहिल्या दहा मिनिटांत वाटतं की हा तर माझंच सांगतोय. देवाचा उल्लेख खटकला तर तसं सांगा. एएचा कार्यक्रम बारा पायऱ्यांचा आहे, आणि त्यातल्या तिसऱ्या आणि अकराव्या पायरीत 'आपल्याला समजेल तसा' देव मानायची मोकळीक आहे. तरी नाहीच पटलं तर १९९४ साली सुरू झालेलं स्मार्ट रिकव्हरी बघा. तिथे उच्च शक्तीचा विषय नाही, तल्लफ आणि विचार हाताळायच्या युक्त्या शिकवतात.

'नुसतं बोलून काय होणार?' असं म्हणणाऱ्यांसाठी: एएची सुरुवातच १९३५ साली एक शेअर दलाल आणि एक सर्जन, दोघे पिणारे, एकमेकांशी बोलण्यातून झाली. वेगवेगळे वैद्यकीय अभ्यास एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेनच्या २०२० च्या आढाव्यात २७ अभ्यास आणि दहा हजारांवर माणसं होती. दारूपासून सलग दूर राहण्यात एए आणि त्याच्याशी जोडून देणारे उपचार इतर उपचारांपेक्षा सरस ठरले.

मीटिंग संपताच सटकू नका. खुर्च्या आवरायला हात लावा. जे मीटिंगमध्ये बोलवत नाही, ते खुर्च्या रचताना बोललं जातं.

कोणी डॉक्टरांची गोळी बंद करायला सांगितली, उसने पैसे मागितले किंवा नव्या माणसाशी नको तेवढी सलगी केली, तर तो गट सोडा. गट शोधणं सोडू नका. औषधाचा निर्णय डॉक्टरांचाच.

आणि स्लिप झाली, म्हणजे सोडलेली दारू पुन्हा प्यायली गेली, की 'आता कोणत्या तोंडाने जाऊ' म्हणून आठवडेच्या आठवडे घरी बसणं, ही शेवटची. त्या खोलीत स्लिप न झालेले फार थोडे असतात. रात्री दीड वाजता बाटली समोर असताना यादी शोधायचं बळ नसतं. दोन मेंबरांचे नंबर आधीच सेव्ह करून ठेवा, आणि एखाद्या बऱ्या दिवशी उगाचच लावून बघा, म्हणजे त्या रात्री तो पहिलाच फोन नसेल.