फील्डवर्कला नवीन आहात? मग 'अशा लोकांचं असंच असतं' या वाक्यापासून जरा जपून

सोशल वर्क शिकताना पहिल्याच वर्षी दोन गोष्टी कानावर पडतात आणि त्या आपसात भांडतात हे कोणी सांगत नाही. एक म्हणजे प्रत्येक माणूस वेगळा. सोशल वर्कचे अमेरिकन प्राध्यापक फेलिक्स बिस्टेक यांनी १९५७ मध्ये केसवर्कची, म्हणजे एकेका माणसासोबत करायच्या कामाची, सात तत्त्वं मांडली त्यातलं पहिलंच हे, इंडिव्हिज्युअलायझेशन. आणि दुसरीकडे लेक्चरवर लेक्चर की बेघरांमध्ये हे प्रमाण इतकं, व्यसनी पालकांच्या मुलांमध्ये ते तितकं, सिंगल पेरेंट घरांत असं, स्थलांतरितांमध्ये तसं. परीक्षेत दोन्हीला मार्क मिळतात. होम व्हिजिटला मात्र दार उघडतं तेव्हा समोर एकच माणूस असतो आणि तुमच्या डोक्यात ती सगळी टक्केवारी.

आकडे खोटे असतात असं माझं म्हणणं नाही, बरेचदा खरेच असतात. पण खऱ्या आकड्यानेही अन्याय होतो. समजा एका गटात १०० पैकी ८ घरांत मुलांची हेळसांड होते आणि दुसऱ्यात ४ घरांत. म्हणजे पहिल्या गटात धोका दुप्पट, ऐकायला केवढं मोठं वाटतं! पण त्या गटातल्या १०० पैकी ९२ घरांत तसं काहीच नाहीये, आणि तुम्ही ज्या घरी चाललाय ते त्या ९२ मधलं असण्याचीच शक्यता कितीतरी जास्त. 'दुप्पट धोका' डोक्यात घेऊन आत गेलात तर सिंकमधली भांडीसुद्धा पुरावा वाटायला लागतात, तीच भांडी दुसऱ्या गटातल्या घरात दिसली की आपण म्हणतो बिचारी दमली असेल.

गटाचा आकडा माणसाला चिकटवण्यातली गडबड खूप आधीच दाखवून झालीये. १९५० मध्ये रॉबिन्सन नावाच्या समाजशास्त्रज्ञाने अमेरिकेच्या १९३० च्या जनगणनेचे आकडे घेतले. ज्या राज्यांत परदेशात जन्मलेले लोक जास्त, तिथे निरक्षरता कमी दिसत होती. मग परदेशात जन्मलेले जास्त शिकलेले होते का? उलट, एकेक माणूस बघितला तर त्यांच्यातच निरक्षरता थोडी जास्त होती, फक्त ते राहायला गेले होते अशा राज्यांत जिथले अमेरिकेतच जन्मलेले लोक जास्त साक्षर होते. म्हणजे राज्याचा आकडा बरोबर, त्यावरून माणसाबद्दल काढलेला निष्कर्ष उलटा.

आणि हे पेपरपुरतं राहत नाही. नेदरलँड्समध्ये चाइल्डकेअरसाठी मिळणाऱ्या सरकारी मदतीत फ्रॉड शोधायला जी सिस्टीम होती तिच्यात नागरिकत्व डच आहे की नाही हाही रिस्कचा एक निकष होता. हजारो पालकांवर फ्रॉडचा ठपका बसला, बारीकसारीक चुकांसाठी सगळी मदत परत मागितली, लोक कर्जात बुडाले, आणि शेवटी जानेवारी २०२१ मध्ये तिथल्या सरकारने राजीनामा दिला. तिथल्या बहुतेक कर्मचाऱ्यांना वाटत असणार की आपण नियमानेच चाललोय, मला तरी यातली सगळ्यात अस्वस्थ करणारी गोष्ट हीच वाटते.

आता नवीन लोक याच्या दुसऱ्या टोकाला जातात. "मी गट वगैरे बघतच नाही, फक्त माणूस बघतो." ऐकायला छान, पण एखाद्या बाईला भाड्याने घर मिळत नाहीये कारण तिच्या समाजाला तिथे कोणी घर देत नाही, आणि तुम्ही तिच्याशी आत्मविश्वासावर चर्चा करत बसलात, तर तोही अन्यायच झाला ना. गट बघायचा तो तिच्यावर बाहेरून काय आदळतंय हे कळायला. ती आतून कशी आहे हे त्यावरून ठरवायचं नाही. माझ्यापुरती मी लाईन इथे मारते.

चांगल्या स्टिरिओटाइपचं पण सांगते कारण ते कोणी धरत नाही. 'या लोकांचं कुटुंब फार घट्ट असतं, ते म्हाताऱ्यांना सांभाळतात' असं कौतुकाने म्हटलं जातं आणि मग त्या आजोबांना घरपोच मदतीसाठी रेफरच केलं जात नाही. मुलगा बोलतो का, कोण जेवण देतं, रात्री पडले तर कोण उठवतं, हे विचारलेलंच नसतं. कौतुक करून सर्व्हिस नाकारली जाते आणि तक्रार तरी कोणाकडे करणार.

मग करायचं काय? गटाबद्दल जे माहितीये त्याचा प्रश्न बनवा. 'व्यसनमुक्तीतून आलेला आहे म्हणजे परत पिणार' याऐवजी त्यालाच विचारा की कुठल्या वेळेला जास्त अवघड जातं, तेव्हा कोणाला फोन करता. कोणाला पहिल्या मिनिटात उत्तर येतं, कोणी चिडतो, कोणी म्हणतो तो विषय माझ्यासाठी संपलाय, आज मला नोकरीबद्दल बोलायचंय. तिन्ही ऐकून घ्यायचं.

आणि केस रेकॉर्ड, यावर मी कितीही बोलू शकते. पूर्वग्रह बोलण्यात असतो तोवर हवेत विरतो, फाईलमध्ये गेला की पुढच्या वर्करला तो फॅक्ट म्हणून मिळतो. 'आई बेजबाबदार, को-ऑपरेट करत नाही' असं लिहिलेलं असतं, आणि खाली नीट वाचलं तर कळतं की दोनदा अपॉइंटमेंट चुकली आणि दोन्ही वेळा तिची शिफ्ट होती. विशेषण लिहायचा हात शिवशिवला की थांबा, काय दिसलं, कोण काय म्हणालं, कधी, एवढंच लिहा. तुमचं मत द्यायचंच असेल तर वेगळ्या ओळीत 'माझा अंदाज' असं लिहून द्या, आणि तो कशावरून बांधलाय तेही.

मला एका सीनियर मॅडमने दिलेली ट्रिक अजून वापरते. नोट लिहून झाली की त्यातला गट मनातल्या मनात बदलायचा, गरीबच्या जागी पैसेवाला, वडिलांच्या जागी आई, आणि तीच नोट परत वाचायची. निष्कर्ष तोच राहिला तर सबमिट करा. डगमगला तर सुपरव्हिजनला, म्हणजे सीनियरसोबत केसवर बोलायच्या बैठकीला, ती केस घेऊन जा आणि बोला, तिथे "माझी शंका आहे पण पुरावा नाही" असं म्हटल्याने मार्क जात नाहीत.